देवापुढे उलट चालणारा देवराज

समुद्रापलीकडच्या आमच्या उसाच्या बेटावर, कांप दे मास्क गावच्या झाकरीला देवराजसारखा म्होरक्या पुन्हा मिळाला नाही, असं जुनी माणसं सांगतात. जुनी माणसं काय, काहीही सांगतात. पण यात खोटं नाही. गणपती नदीवर निघाला की त्याच्यापुढे गात-नाचत जायची ती झाकरी. त्या मंडळींची रीत अशी, की म्होरक्या देवाला पाठ दाखवत नाही. घरापासून पाण्यापर्यंत तोंड देवाकडे, पावलं मागे, आणि तीही अनवाणी. देवराज वीस वर्षं असा उलटा चालला, एकदाही अडखळला नाही.

बासष्ट साली साखर कारखान्यात उसाने भरलेली गाडी त्याच्या उजव्या पायावरून गेली. पाय राहिला, पण नावापुरता. सुतारकाम हातांचं, ते निभावलं. उलटं चालणं गेलं. पुढचे तीन गणपती त्याने दारात बसून पाहिले. नवा म्होरक्या बरा होता. बरा, एवढंच. त्या दिवसांत देवराजची बायको, बसंती, त्याचं भरलं ताट तसंच उचलून नेई.

पासष्टच्या जूनमध्ये कारखान्याच्या इंजिनियरची पुतणी डर्बनहून आली. तिने एक मोडकी फळी दुरुस्तीला आणली. दीड हात लांब आणि खाली चार चाकं. दूर अमेरिकेत म्हणे समुद्र निजला की लाटांवर उभं राहणाऱ्यांना चैन पडत नाही. मग ते चाकांच्या बुटांची चाकं काढून फळीला ठोकतात आणि रस्त्यावरच लाटा शोधत हिंडतात. देवराजने फणसाची नवी फळी बसवली. तोवर त्या पुतणीबाईंची हौस फिटली होती. "गार्द ली," त्या म्हणाल्या. ठेव तुझ्याकडेच.

रविवारी दुपारी कारखान्याच्या उताराचा डांबरी रस्ता रिकामा असे. दोन्हीकडे ऊस तुऱ्यावर आलेला. देवराज डावा पाय फळीवर रोवी, उजवा नुसता टेकवी, आणि हातातल्या बांबूने वेग आवरी. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने किती वेळा पडावं याला काही धरबंध असतो. त्याने तो पाळला नाही. मग एका रविवारी फळी सुटली आणि तो उभाच राहिला. ऊस सरकत होता, तुरे सरकत होते, लांबचा डोंगरही हळूच निघाला होता, आणि तो मात्र जागच्या जागी होता. दुखणारा पाय दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्याला इतका आनंद झाला की तो खाली पोचल्यावरही बराच वेळ उतरला नाही. ऑगस्टपर्यंत, म्हणजे बेटावरचा हिवाळा संपेतो, तो कारखान्याच्या चिमणीकडे तोंड करून, पाठीकडून उतरायला शिकला.

देवळाचा कारभार पाहणारे प्रेमचंदकाका मात्र त्याचा बेत ऐकून तडकले. "देवाम्होरं गाडीवर चडून जानार तू?"

"गाडी नाय काका, फळी हाय. चामडं नाय, काय नाय. पाय अनवानीच."

"देव सवता उंदरावर बसतो," बसंती आतून म्हणाली.

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बों, बरं. पन मधी आडलास तर म्होरकेपन संपलं. पुन्ना नाव काडायचं नाय."

विसर्जनाला देवराज फळीवर चढला. ढोलकी लागली, त्याचा आवाज तीन वर्षांनी उघडला, आणि देवाच्या डोळ्यांत डोळे घालून तो उतारावरून मागे मागे तरंगत गेला. पालखीवाले त्याच्या लयीत आले. बाया पदराने डोळे पुसत होत्या.

आणि फळी थांबली. डांबर संपलं होतं. नदीपर्यंत चाळीस पावलं ओली माती होती. वीस वर्षं तो त्या मातीवरून गेला होता, पण पावलांना डांबर काय, माती काय, सारखीच; चाकांना नसते, हे शहाण्याला हिवाळाभर सुचलं नव्हतं. चाकं रुतली. गाणं थांबलं. काकांकडे बघायची त्याची छाती होईना.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून बसंती पुढे आली, देवाला वळसा घालून देवराजच्या पाठीमागे उभी राहिली. तिचंही तोंड देवाकडे. दोन्ही तळवे तिने त्याच्या पाठीला लावले.

"उतरा. टेका माज्यावर."

"तू पडशील गं. मागं वाट दिसत नाय."

"तुमी ऐतवारी कोलतारवर जायचात," ती हळू म्हणाली, "तवा मी हितं यायची. उलटी चालत."

देवराज फळीवरून उतरला आणि पाठ तिच्या तळव्यांवर टेकली. तो तसाच गाऊ लागला. काकांनी ढोलकीवाल्याला खूण केली, लय अर्ध्यावर आली, आणि ती चाळीस पावलं देव एका पावलामागे एक पाऊल, त्या दोघांना घाई न करता, थांबत थांबत आला.

पुढल्या वर्षी काकांनी म्होरक्याचं नाव पुकारलं, तेव्हा दोन नावं घेतली.