पालथा सांगाडा

आमचे काका शिंपी. कोटाला बाही त्यांनीच लावावी, असा हात. पण स्वभाव महाउतावळा. समोरचा माणूस चहात साखर ढवळत बसला तरी यांचा जीव वरखाली. काकू त्यांच्याच दुकानात बसून काज-बटणं करायची. गेल्या वर्षी ऐन गर्दीच्या दिवसांत ती म्हणाली, हात जड झालाय. काका म्हणाले, एवढा कोट उरक आणि मग पड. कोट उरकला नाही. काकू खुर्चीवरून कलंडली आणि तिची उजवी बाजू गेली.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. हे काकांनी फक्त मला सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून. मी त्यांची पुतणी. राग मात्र आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

काकूचा पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं रुसून बसली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना काकू कवायतवाली म्हणते. त्यांनी एक खोका आणून दिला. आत प्लॅस्टिकचा वीतभर सांगाडा होता, सुट्या हाडांचा. एकेक हाड उजव्या हाताने उचलायचं, गोंद लावायचा आणि चिकटेपर्यंत धरून ठेवायचं. हा पुरा झाला की सुई हातात देईन, असं बाईंनी कबूल केलं. काकूला तेवढंच हवं होतं. सुई मिळाली की दुकानातली खुर्ची मिळणार होती.

काका म्हणाले, हे गिऱ्हाईक बरं, पोट सुटून कपडे उसवायची भीती नाही. काकू हसली आणि कामाला लागली. कणा उभा राहिला, बरगड्या लागल्या, कवटी बसली. सांगाड्याचे हात मात्र लागेनात. चिमटीतून सुटून टेबलाखाली जायचे. काका वाकून उचलून द्यायचे आणि दर वेळी मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

एका दुपारी काकूचा डोळा लागला होता. काकांना राहवलं नाही. त्यांनी झटपट दोन्ही हात चिकटवून टाकले. काकू उठली, सांगाड्याकडे बघत राहिली. काका बोलून गेले, "सकाळी तूच नाही का लावलेस? विसरलीस?"

तिला बरं वाटावं म्हणून बोललो, असं ते म्हणतात. मला विचाराल तर स्वतःला बरं वाटावं म्हणून.  काकूने त्यानंतर गोंदाची नळी बंद करून ठेवली ती उघडलीच नाही. तिला जेवण जाईना आणि ते बघून काकांनाही जाईना; पण खरं काही त्यांच्या तोंडातून निघेना.

बाई आल्या तेव्हा मी तिथेच होते. काकूने हळूच विचारलं, "हाताचं जाऊ द्या. हे हात मी लावलेले मला आठवतच नाहीत. माझं डोकंही जायला लागलंय का?"

काका खाली मान घालून टेप गुंडाळत होते, ते थांबले. बाईंनी सांगाडा हातात घेऊन निरखला. म्हणाल्या, उजवा हात डावीकडे लागलाय, डावा उजवीकडे; अंगठे बघा, मागे गेलेत.

काकूने तो स्वतःच्या हातात घेतला. मग काकांकडे पाहिलं. बाही लावायची तर कोट आधी टेबलावर पालथा घालायचा, ही काकांची जन्माची खोड. सांगाडाही तसाच पालथा पडला असणार आणि अंगठे वर ठेवून हात चिकटले असणार. हाडांमध्ये घाईत उजवं-डावं कुठून कळणार?

"तुम्ही लावलेत," काकू म्हणाली. "मी समोर उभा धरून लावते. पालथं घालून काम तुम्ही करता."

"तुझे हाल बघवेनात," काका म्हणाले.

"त्या दिवशीही तुम्हाला घाईच होती."

वर्षभर काकांची समजूत होती की खुर्चीवरून पडली तो दिवस तिला आठवत नाही. ते तिथेच स्टुलावर बसून रडले. काकूने त्यांना रडू दिलं. आपलं डोकं शाबूत आहे म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला होता. सांगाड्याचे दोन्ही हात तिने ओढून काढले आणि नळीचं टोपण दातांनी उघडलं.

"इथंच बसा," ती म्हणाली. "बघायचं. हात लावायचा नाही."

सांगाड्याचा उजवा हात तिच्या चिमटीतून निसटला आणि टेबलाखाली गेला. काकांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले. काकू टेबलाची कड धरून सावकाश खाली वाकली.