पुण्याचं काम

वळसंगच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आईनं माझ्या पिशवीत शेंगाचटणी कोंबली, कडक भाकरी कोंबल्या आणि शेवटी कानात एक वाक्य कोंबलं. "कुणी इचारलं तर दवाखान्यात हाय म्हण."

मी पुण्याला मालिश शिकायला चालले होते. गल्लीतल्या बाया सोडायला आल्या होत्या, त्यांना कळू नये म्हणून ही कानगोष्ट. रडायचं राहिलं बाजूला, मला असला राग आला म्हणता!

मालिश आमच्या घराला नवी होती होय? आई स्वतः बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. अर्ध्या गावाची बाळं तिच्या पायांवर तेल पिऊन मोठी झाली. पण हे तिला सांगावं तर म्हणायची, "त्ये येगळं. त्ये पुन्याचं काम हाय." मी म्हटलं, "मग मीबी पुण्यालाच चाललेय की!" ती हसली नाही. मालिशवाली म्हटलं की लोक काय काय बोलतात, ते तिनं ऐकलेलं होतं आणि माझं लग्न अजून व्हायचं होतं.

आईचा शब्द मी पाळला. सोलापूरहून पुण्याच्या गाडीत शेजारच्या बाईंना सांगितलं, दवाखान्यात आहे. मोहोळ यायच्या आत त्यांनी नवऱ्याचा शुगरचा रिपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मी तो गंभीर चेहऱ्यानं वरून खाली वाचला आणि म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

आता मी पुण्यातल्या एका मसाज सेंटरमध्ये थेरपिस्ट आहे. शिफ्ट असते, युनिफॉर्म असतो, क्लायंट अपॉइंटमेंट घेऊन येतात. आमच्याकडे बायकांना बायकाच मालिश करतात. "प्रेशर ठीक आहे ना, मॅडम?" हे मी इतक्या हळू आवाजात विचारते की गल्लीत कुणी ऐकलं तर म्हणेल, ही आजारी हाय काय? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बायका येतात, खांदे पार कानाला टेकलेले. एकदा एक मॅडम उठून बसल्या आणि म्हणाल्या, "कित्येक दिवसांत मला कुणी मायेनं हात लावला नव्हता." मला आईची फार आठवण आली. सगळ्या गावाला चोळणाऱ्या बाईला कुणी चोळलं असेल का?

तिकडं गावात मात्र माझा दवाखाना जोरात चालला होता. सुट्टीला गेले की बाया गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या. कुणी विचारायचं, सलाईन लावशील का? मी आईकडं बघायची, आई चुलीकडं. हसण्यावारी नेत होतो आम्ही दोघी.

गेल्या पंचमीला ते हसणं संपलं. समोरच्या शांताक्का नवऱ्याला धरून धरून घेऊन आल्या. सकाळपासून काकांच्या छातीत कळ येत होती, घामानं सदरा भिजलेला. "सोलापूरला कशाला न्यायचं म्हटलं, रेणू आलीया की!" मी ओरडूनच जीप बोलवायला लावली. दवाखान्यात पोचले म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "आई, माणूस गेला असता गं. आपल्या एका शब्दापायी." त्या रात्री ती जेवली नाही.

काका बरे होऊन घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अंगणात, भर उजेडात चटई टाकली आणि पालथी झोपली. "खांदा आखडलाय," एवढंच म्हणाली. मी तेल कोमट केलं. तिचा हात उचलला तर तो माझ्या आधीच वर आला. जन्मभर राबलेल्या बायकांचं असंच असतं, मालिशलाही मदत करतात.

"आई, हात माझ्याकडं दे. तू धरू नको."

"म्या कुटं धरलाय?"

मी माझा हात काढून घेतला. तिचा तसाच हवेत! दोघी खूप हसलो. मग ती बाळंतिणींना जे म्हणायची तेच मी म्हटलं, "अंग सैल सोड गं बाई." हळूहळू तिच्या हाताचं ओझं माझ्या तळव्यावर आलं. इतका जड हात ती इतकी वर्षं एकटीच उचलत होती.

तेवढ्यात शांताक्का दारात. "यव्वा! काय झालं गं हिला?"

मी थांबले. आईनं चटईतून तोंडही वर केलं नाही. "काय न्हाय झालं. रेणू मालिश करायलीया. पुण्यात त्येच काम हाय तिचं, दवाखाना-बिवाखाना काय न्हाय. बस तितं. माझं झालं की तू."

माझे डोळे भरून आले. तेलाच्या हातानं पुसता पण येईनात.

गाव सोडलेल्या पोरींनो, तुम्हाला वाटतं ना, सुट्टीला घरी जाऊन निवांत पडावं? माझ्या नशिबी कसला डोंबलाचा आराम! मी पिशवी ठेवते न ठेवते तोवर बाया तेलाच्या वाट्या घेऊन ओट्यावर हजर. आणि आई कंबरेवर हात ठेवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "दम धरा की जरा! माझी लेक मालिश करून करून दमून आलीया." तेच माझं घर आता. बाया बिचाऱ्या दम धरतात. आणि आई सगळ्यांच्या आधी चटईवर आडवी होते.