दोन दिवसांची पाळी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी पाऊस नव्हता. विरुद्ध बाजूच्या वकिलांना या दोन्ही गोष्टी फार सोयीच्या होत्या. कागद मागितला की तो जुन्या जिल्ह्यात राहिलेला असे. पक्षकाराला बोलवा म्हटलं की तो पाण्याच्या मागे गेलेला असे.

मी तेव्हा नवी ज्युनियर, इंग्रजी शाळेत शिकलेली, कोर्टात तोंड न उघडणारी. ते वकील मला 'बेबी' म्हणत आणि मला मराठी कळत नाही असं धरून चालत. मी तो समज कधी दूर केला नाही.

आमची पक्षकार रेणापूरकडची विधवा. सामाईक विहिरीवरची तिची पाळी, म्हणजे आठवड्यातले ठरलेले दिवस पाणी घ्यायचा हक्क, दिराने बंद केली होती आणि तिची मोसंबी वाळत चालली होती. या पाळ्या सासऱ्याने निजामाच्या काळात उर्दूत लिहून ठेवल्या होत्या. मोट जाऊन मोटर आली तरी दिवस तेच. तो कागद हजर करा, असा अर्ज मी तीनदा दिला. शेवटी दिराचं शपथपत्र आलं, वकिलांच्याच भारदस्त भाषेत: कागद जुन्या जिल्ह्याच्या कोर्टात दुसऱ्या एका दाव्यात लावला होता, दप्तर इकडे येताना गहाळ झाला.

"सोडा तो नाद," माझे सीनियर म्हणाले. "तडजोडीला बसू."

बसलो. वकिलांनी माठातून पेला भरला, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी खिडकीबाहेर फेकलं. आमची बाई खिडकीकडे बघत राहिली.

"एक दिवस देऊन टाकू," ते म्हणाले. "माणुसकी म्हणून."

माझ्या सीनियरांनी लगेच पेनाचं टोपण काढलं.

"मालक होते तवा तीन दिवस पाळी होती," बाई म्हणाली.

दीर उसळला. "तीन? वैनी, देवाला तरी भ्या! दोनच लिवलेत. परवाच वकीलसायबांनी वाचून दावलं मला."

वकील खोकले. सीनियर कोरा कागद शोधत होते. त्यांच्या कानावर काही पडलंच नव्हतं.

"काय वाचून दाखवलं?" मी विचारलं.

दीर वकिलांच्या तोंडाकडे बघू लागला.

"अरे वा, बेबीला मराठी येतं की," वकील म्हणाले. कोणी हसलं नाही.

पुढच्या तारखेला कागद सापडला. आपण तो किती कष्टाने शोधला हे वकिलांनी न्यायाधीशांना सांगितलं, आणि सुरेख उर्दूत वाचूनही दाखवला. तडजोड दोन दिवसांवर झाली.

बाहेर आल्यावर मी बाईला विचारलं, तीन का म्हणालात?

"दोन म्हणले असते तर गप बसला असता त्यो," ती पदर सावरत म्हणाली. "दुसऱ्याचं खोटं त्याला सोसत न्हाई, बाई."