वेणूला मागावं लागलं नाही

“तिथून नको. पलीकडून ये. वारा इकडे येतोय.”

शिफारसपत्र मागायला मी शाळेच्या ओट्याशी गेले तेव्हा मास्तरांचं पहिलं वाक्य हे होतं. मी ओट्यासमोरच्या चिंचेला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आले. तिथे उभं राहिलं की माझ्या अंगावरून गेलेला वारा वाडीतल्या पोफळींकडे जायचा, मास्तरांच्या नाकाकडे नाही. मग ते म्हणाले, “हं. आता बोल.”

तेव्हा मला अपमान वाटला नाही. सवयीचं होतं. शाळेची सगळी वर्षं मी वाऱ्याप्रमाणे बसले. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तेव्हा मी पश्चिमेच्या खिडकीशी. दुपारी वारा फिरून समुद्रावरून यायला लागला की मास्तर पट्टी उचलून नुसती दाखवायचे, आणि मी पाटी-दप्तर घेऊन पूर्वेच्या भिंतीशी. बाकीची मुलं एका जागी बसून शिकली. मी उठून-बसून शिकले. आमचं घर चौलच्या खाडीच्या तोंडाशी, कोळीवाड्यात. दारात काठ्यांवर बोंबील, खळ्यात जवळा. वास असेलच. मला तो कधी आला नाही.

“मास्तर, कॉलेजच्या अर्जाला तुमची शिफारस लागते.”

“कुठल्या कॉलेजच्या?”

“पुण्याच्या. बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या.”

ते हसले नाहीत. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. म्हणाले, “बघू. सवडीने ये.”

तेव्हा सातवीची फायनल पास झालेल्या मुलीला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, की शिकताना विद्यावेतन आणि बाहेर पडल्यावर शाळेत नोकरी. मी फायनल पास झाले होते. अर्ज मी लिहून ठेवला होता. मास्तरच शाळेचे मुख्य, म्हणून फक्त त्यांचं पत्र हवं होतं, आणि ते पावसाळ्याने बोटी बंद व्हायच्या आत हवं होतं.

मी सवडीने गेले. एकदा इन्स्पेक्टर यायचे होते. एकदा मास्तरांचं पोट बिघडलं होतं. एकदा शाई चांगली नव्हती, अशा शाईने पुण्याला लिहिणं शोभत नाही म्हणाले. दर वेळी मी चिंचेला वळसा घालून गेले.

आता वेणूबद्दल सांगते. वेणूबद्दल सांगितल्याशिवाय हे सांगून होत नाही.

आमच्या वर्गात मुली दोनच. मी आणि वेणू. नागावात नारळ-पोफळींची मोठी वाडी असलेल्या नानांची ती मुलगी. बामणाची. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापाने गेला. नाना सुधारक. त्यांनी तिचे केस काढू दिले नाहीत, तिला परत शाळेत घातलं. गावातल्या बायका तिला बघून पदर तोंडाला लावायच्या, चुकचुकायच्या. सगळं गाव तिची कीव करायचं.

मी तिचा हेवा करायचे.

तिच्या केसांना लावलेल्या माक्याच्या तेलाचा हेवा. दुपारी वारा फिरला तरी तिची जागा फिरत नसे, त्याचा. तिची वही संपायच्या आधी दुसरी येई, त्याचा. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, त्याचाही. वेणू हुशार होती. ढ असती तर मला सोपं गेलं असतं. मी गणितात पुढे, ती कवितेत पुढे, आणि मनाने चांगली. माझ्याशी बोलायची. मी बसते त्या भिंतीशी मधल्या सुट्टीत येऊन बसायची. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार त्रासाचं असतं. शिव्या द्यायला जागा राहत नाही.

एकदा मी घरी बोलून गेले, “वेणूसारखं नशीब पाहिजे.”

आय जवळा पसरत होती. तिने हातातली झाडूची फडी माझ्या पाठीत घातली. “रांडावलेल्या पोरीचा हेवा करतंस? तोंड धू आधी! धू!”

मी तोंड धुतलं. हेवा राहिला.

शाई चांगली नाही म्हणून मास्तरांनी मला परत पाठवलं, त्याच दिवशी वेणू वाटेत भेटली. तोंड फुललेलं.

“माझं पत्र झालं! मास्तर काल घरीच आले होते. आईने घावन केले, खाता खाता त्यांनी लिहूनसुद्धा टाकलं.”

“तू मागितलंस कधी?”

तिला प्रश्नच कळला नाही. “मागायचं काय त्यात?”

तिच्या मनात काही नव्हतं. खोचून बोलणं तिला येतच नसे. पण घरी येईपर्यंत मला तेच ऐकू येत होतं. पत्र तिला मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. ती लायक होती. मला जे लागलं ते पत्राचं नव्हतं. तिला मागावं लागलं नाही, त्याचं होतं. एकाच शाळेतून, एकाच मास्तरांकडून, एकाच कॉलेजला जायचं पत्र. एकीच्या घरी ते घावन खायला आपण होऊन आलं, आणि दुसरी चिंचेभोवती फिरत राहिली. तोवर मला वाटत होतं की सगळ्यांनाच फिरावं लागतं. ते तसं नाही, हे मला हेव्याने दाखवलं. दुसऱ्या कोणी दाखवलं नसतं.

मी आयला सगळं सांगितलं. आयला मी कॉलेजात जावी असं फार वाटत होतं असं नाही. तिचा हिशेब सरळ होता. “गेलीस तर टोपलीतून सुटशील. नाय गेलीस तर मना हात मिलतील. मना दोनी बरं.” पण मास्तर झुलवत ठेवतात हे तिला खपलं नाही. गिऱ्हाईकाने भाव विचारून पुढे जावं, तसं तिला ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात टोपली उतरवून ती बसली होती. मास्तर छत्री लावून समोरून चालले होते. मासळीच्या बाजूने जाताना ते धोतराचा सोगा नाकाला लावत. आय बसल्या जागेवरून ओरडली, “ओ मास्तर! माझे पोरीचा कागूद कधी देतांव?”

मास्तरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

“ओ मास्तर! सोग्याआडून कानाला पन ऐकू येत नाय काय?”

शेजारच्या दोघी कोळणी फिदीफिदी हसल्या. किराण्याच्या दुकानात बसलेला म्हातारा गुजर मान बाहेर काढून बघायला लागला. मास्तर थांबले.

“बाई, अशा गोष्टी बाजारात बोलायच्या नसतात.”

“मंग कुठं बोलू? तुमचे घरात मना घेत नाय. शालेचे ओट्यावर पोरीला वाऱ्याखाली उभी करतांव. सगले जगाचा धंदा बाजारात होतो, ह्यो पन होऊ दे.”

आता सगळेच हसले. मास्तरांचे कान लाल झाले. चारचौघांत ते म्हणाले, “परवा संध्याकाळी नानांच्या ओटीवर पाठव तिला. देतो.”

“ऐकलं ना सगल्यांनी?” आय म्हणाली आणि बांगड्यांचा वाटा लावायला लागली.

परवा मी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून नागावला नानांच्या घरी गेले. ओटीवर नाना आणि मास्तर बसलेले. वेणू दाराच्या चौकटीशी. मी अंगणात. वर ये असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणतील असं मलाही वाटलं नव्हतं.

मास्तरांनी खिशातून पत्र काढलं. घडी उलगडली. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

पत्र कॉलेजला नव्हतं. पुण्याला वेणूची विधवा आत्या राहायची, तिला होतं. वेणू तिच्याकडे राहून कॉलेजात जाणार होती. मास्तरांनी लिहिलं होतं, “सोबत शाळेतील एक कोळ्याची मुलगी वरकामास पाठवीत आहोत. मुलगी प्रामाणिक, कष्टाळू व सांगितलेले ऐकणारी आहे. लिहिता-वाचता येत असल्याने बाजारहाटास उपयोगी पडेल.”

मी ऐकत होते. शब्द कळत होते, पण ही मुलगी म्हणजे मी, हे कळायला थोडा वेळ लागला.

नाना म्हणाले, “वेणू तरणी पोर. तिला परगावी एकटी पाठवायची म्हणजे आम्हालाही घोर. तू ओळखीची. जेवूनखाऊन राहशील, सणाला लुगडं मिळेल.”

“शिवाय फावल्या वेळात वेणूची पुस्तकं वाचायला मिळतील,” मास्तर म्हणाले. त्यांना ते खरंच चांगलं वाटत होतं. दोन्ही घरांचं काम त्यांनी एका पत्रात केलं होतं.

वेणूने टाळी वाजवली. “म्हणजे तूसुद्धा येणार! आपण दोघी!”

इथे मी खोटं लिहिणार नाही. क्षणभर मला जावंसं वाटलं. पुणं. पुस्तकं. वेणू वाचून ठेवील आणि मी रात्री उघडीन. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, तिथूनच. माझं मन लगेच सोय बघायला लागलं. मला तशी सवय आहे. मग माझ्या डोळ्यांपुढे आलं: सकाळी वेणू कॉलेजात निघाली आहे आणि मी तिचं पातळ पिळते आहे. रोज. दोन वर्षं. आणि ती दारातून वळून मला हसते आहे, मनापासून. तो हेवा मला सोसला नसता. मी मेले असते किंवा वाईट झाले असते.

मास्तरांनी ओटीच्या कडेशी येऊन कागद माझ्याकडे वरून सोडला. मी हात पुढे केलेच नाहीत. कागद सारवलेल्या अंगणात पडला.

“घे की,” मास्तर म्हणाले.

“मला कॉलेजचं पत्र पाहिजे.”

“शिफारस ती शिफारसच. तुझी केली आहे ना?”

“वेणूला दिलंत तसं पाहिजे. तेच शब्द.”

“तेच शब्द तुला कसे चालतील?”

“नाव बदलून.”

वेणू माझ्याकडे बघत होती, नव्याने बघितल्यासारखी. मग मास्तर हळू आवाजात, एखादं अवघड गणित समजावून सांगावं तसे म्हणाले, “नाव बदलून सगळं बदलत नाही, पोरी.”

“मग नाही म्हणून लिहा. या मुलीने शिफारस मागितली, मी दिली नाही, आणि का दिली नाही. खाली सही करा. मी तेच अर्जाला जोडते.”

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. पण आल्यावर मला त्याचं वजन कळलं, कारण मास्तरांचा चेहरा बदलला. मला वाऱ्याखाली उभी करताना तो कधी बदलला नव्हता. शाई चांगली नाही म्हणताना बदलला नव्हता. बाजारात हसं झालं तेव्हा लाल झाला होता, पण हा रंग वेगळा होता. ते घाबरले होते, खरं कारण सहीनिशी लिहावं लागेल म्हणून.

“असलं काही लिहीत नसतात,” ते म्हणाले.

“का?”

नाना म्हणाले, “पुरे. घरी जा आता.”

मी उभी राहिले. वेणू कागद उचलायला खाली उतरली, नाना म्हणाले, “राहू दे तो.” ती चौकटीशी परत गेली. मास्तरांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. दिवेलागण झाली. आतून शुभं करोतिचा आवाज आला. मी उभीच. मी भांडत नव्हते, रडतही नव्हते. उत्तराची वाट बघत होते. शेवटी मास्तर उठून आत गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. वेणूने दारातून मान हलवली. तेव्हा मला कळलं, ते मागल्या दाराने वाडीतून निघून गेले होते.

त्या वर्षी माझा अर्ज शिफारशीविना गेला आणि परत आला. शेवटच्या बोटीने वेणू गेली. रेवदंड्याच्या धक्क्यावर आयबरोबर मी मासळी घेऊन बसले होते. वेणूच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने तिचं नाव घातलं होतं. हमालाने ती ट्रंक माझ्यासमोरून नेली. मी नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. तिने हात हलवला, मीही हलवला. मला तिचं काही वाईट व्हायला नको होतं. मला ती ट्रंक पाहिजे होती.

पुढे मी शिकले. कसं, ते इथे लिहीत नाही. त्यात मास्तरांचा हात नाही, एवढं पुरे. मास्तर वाईट नव्हते असं मला पुष्कळांनी सांगितलं. नसतील. मला ते तपासायचं नाही. वेणूने दोन-तीन पत्रं पाठवली. मी एकाला उत्तर दिलं.

आज चाळिशी उलटली तरी तो हेवा गेलेला नाही. हेवा सोडावा, मन मोठं करावं, असं सांगणारे भेटतात. ते सांगणाऱ्यांना बहुतेक कधी मागावं लागलेलं नसतं. मी मन मोठं करणार नाही. ज्याच्या घरी गोष्टी चालत येतात त्याच्याकडे मी नीट बघते आणि तेवढंच मागते, त्याच शब्दांत.

आणि तोंडी नकार मी घेत नाही. सवडीने या, बघू, वरून विचारावं लागेल, हे ऐकून मी परत फिरत नाही. ज्याला मला नाही म्हणायचं असेल त्याने ते कागदावर म्हणावं. कारण लिहावं. खाली सही करावी. तोवर मी उभी आहे.