परवाचे दोन अर्थ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ज्याला फोन करून कळवते, त्यालासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्हाला मराठी येतं. ज्यांना मी पूर्वी यातलं अर्धंच सांगितलं, त्यांना येत नव्हतं — तिथेच तर सगळी गोम आहे.

कॅनडात हॅलिफॅक्सला मी समुद्रातला ऑक्सिजन मोजणाऱ्या गटात होते. तळाजवळ ऑक्सिजन कमी झाला की कॉड मासा तिथून निघून जातो. तो कधी आणि किती कमी होतो, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी एक यंत्र हिवाळाभर समुद्राच्या तळाशी ठेवायचं. ठेवण्याआधी लॅबमध्ये त्याचं माप तपासून पक्कं करायचं, म्हणजे कॅलिब्रेट करायचं. ते काम सिद्धार्थचं.

सिद्धार्थ नागपूरचा, कॉन्ट्रॅक्टवर आलेला. गटात आम्ही दोघंच मराठी, म्हणून मला ताई म्हणायचा. त्याला विंटर टायर्स कुठे स्वस्त, ग्रोसरी कुठे चांगली, सगळं मीच दाखवलं होतं. आणि ते चारचौघांत ऐकवायची मला खोड होती. आहे अजून.

त्या वर्षी यंत्र जहाजावर न्यायचं काम माझं होतं. निघायला आठवडा होता तेव्हा मी सिद्धार्थला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, कॅलिब्रेशनचं काय? त्याने 'परवा'चं सांगितलं. त्याच दुपारी निरोप आला — वादळ येतंय, त्याच्या आधी, उद्याच जहाज सुटणार. मी यंत्र चढवलं आणि गेले.

वसंतात ते वर काढलं, तर आकड्यांवर विश्वासच ठेवता येईना. कॅलिब्रेशन झालंच नव्हतं. अख्खा हिवाळा पाण्यात गेला. बॉसने आम्हा दोघांना बोलावलं.

आता ऐका. मी शांतपणे सांगितलं, आमच्या भाषेत 'परवा' म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. हा म्हणाला परवा, मला वाटलं काम झालं. बॉसला भारी गंमत वाटली. तिने सिद्धार्थला विचारलं, असं आहे का? तो सरळ माणूस. हो म्हणाला. शब्दाला दोन अर्थ आहेतच ना!

पण तुम्ही मला केव्हाच पकडलं असेल. नुसतं 'परवा' म्हणून कोण थांबतं हो? पुढेमागे क्रियापद असतंच. तो म्हणाला होता, "करून टाकतो ना ताई, परवा."

करून टाकतो. यात कुठे आले दोन अर्थ? मला तेव्हाच लख्ख कळलं होतं. यंत्र चढवताना मला माहीत होतं की ते तपासलेलं नाही. ते मागे ठेवलं असतं तर माझा प्रकल्प वर्षभर रखडला असता — म्हणून नेलं. जुनं माप चालून जाईल, असं मनाशी म्हटलं. घाईत चुकलं वगैरे काही नाही. जाणूनबुजून नेलं.

आणि त्याला यंत्र जागेवर दिसलं नाही तेव्हा? त्याला वाटलं, ताईने नेलंय म्हणजे कुणाकडून तरी करून घेतलं असणार.

बॉससमोर तो 'करतो म्हणालो होतो' असं का बोलला नाही, याचा मी खूप विचार केला. त्याला आठवतच नव्हतं, दुसरं काय! सहा-सात महिन्यांपूर्वीचं जाता-जाता बोललेलं एक वाक्य कोण लक्षात ठेवतं? ताई म्हणतेय, तर आपण नुसतं परवाच म्हणालो असू, असं तो धरून चालला. ताई कशाला खोटं बोलेल?

त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा अर्ज त्याच नोकरीवर होता, तोही अडकला. बायको नागपूरहून यायची होती, तिचं तिकीट रद्द केलं. शेवटी समुद्रापासून फार लांब, सस्काटूनला मातीच्या लॅबमध्ये काम मिळालं. समुद्र आवडायचा त्याला. जहाज धक्क्याला लागलं की काम नसतानाही बघायला यायचा.

तो निघाला त्या दिवशी मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. हो, डबा नेला — एवढी माझी हिंमत. तो गाडीत सामान भरत होता. मला बघून हसला.

"चूक माझीच होती, ताई," तो म्हणाला. "आता कामाचं इंग्लिशमध्येच बोलत जाईन. आपल्या माणसाशीपण."

मी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हो, तेच बरं."