‘विका’ म्हणणारा फोन

फिटरकाकांचा शेअरबाजारातल्या तज्ज्ञांवर काडीचाही विश्वास नव्हता. भाव चढून बसला की म्हणणार ‘घ्या’, आपटला की म्हणणार ‘विका’. बैल गेला नि झोपा केला! याला कसला आलाय अभ्यास?

तरीही निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या जुन्या पंप-कंपनीचे थोडे शेअर घेतलेच, तेही मुलाच्या दलाली ऑफिसातून. त्या ऑफिसची एक शिस्त होती. तज्ज्ञांनी मत बदललं की तो शेअर असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करायचा. मुलगा दूरच्या शहरात, त्याला एरवी सवड कुठली? बापाला नाही तरी गिऱ्हाइकाला फोन करणं त्याला भागच होतं. काकू गेल्यापासून घरात नळ तेवढा टपटप बोलायचा. तोही काकांनी हाताला चाळा म्हणून दुरुस्त करून टाकला होता.

“बाबा, ‘विका’ सांगितलंय.”

“पडल्यावर सांगितलं होय? शहाणेच की! जेवलास का?”

“विकायचे का, ते बोला.”

“छे! सूनबाईचा खोकला कसा आहे?”

विकले की फोन बंद, एवढं म्हाताऱ्याला बरोबर कळत होतं. तोटा झाला तरी बेहत्तर. म्हणून ते मुद्दाम वाद उकरून काढत. भांडण लांबलं की फोनही लांबायचा.

एका दुपारी मुलगा म्हणाला, “बाबा, तुमच्या कंपनीवर आमच्या तज्ज्ञांनी लिहिणंच सोडलं. छोटी आहे, कोणी विचारत नाही. आता ‘घ्या’ नाही नि ‘विका’ नाही.”

काका घाईघाईनं म्हणाले, “असं कसं? हुशार माणसं रे ती! म्हणावं, वाईट लिहा, पण लिहा.”

“तुम्हीच नावं ठेवायचात ना त्यांना?” मुलगा हसला. “सुटलात कटकटीतून.”

काकांना सुटायचं कुठे होतं? “ऐक, ज्याच्यावर ते सारखं मत बदलतात, असा एखादा मोठा शेअर घे माझ्या नावावर.”

“अहो, तसल्या शेअरात पैसे बुडतात!”

“बुडू देत. एकच घे.”

पलीकडे बटणं वाजली. “घेतला. आणि मोठ्या शेअरचं आता आपोआप मेसेजवरच कळतं हं. मी फोन करून तुम्हाला त्रास द्यायला नको.”

“हो ना, त्रास कशाला,” काका म्हणाले. तोवर मुलानं फोन ठेवलाही होता.