खड्डेअण्णा

अण्णांना एका जागी बसलेलं मी पाहिलं ते फक्त त्यांच्या यंत्रापाशी, आणि तेव्हाही त्यांचे पाय चालूच असायचे. एरवी कॉफी उभ्यानं, पेपर येरझाऱ्या घालत, जेवतानासुद्धा दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचं. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या बंदिस्त व्हरांड्यात एका जुन्या शिवणयंत्राचा सांगाडा होता. त्याला त्यांनी एक बारीक दांडी जोडली होती आणि दांडीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी तांब्याची चकती. पायाखालचा पायटा हलला की चकती फिरायची आणि तिच्याखाली धरलेल्या अकीकाच्या तांबड्या खड्यात रेघ उतरायची. पायांना काम मिळालं की बाकीचं अंग गप्प व्हायचं. "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे," त्यांच्या पत्नी म्हणायच्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. "म्हणून मामंजींनी पायांनाच नोकरी लावून दिली."

अण्णा मुद्रा कोरायचे. अंगठीतल्या खड्यावर अक्षरं, मोर, हत्ती असं काहीतरी आत खोदायचं, उलटं. मग तो खडा मेणावर दाबला की तेच चित्र सुलटं होऊन वर उठतं. जे दगडात सगळ्यांत खोल, ते मेणात सगळ्यांत उंच. "खड्डा नीट खण, डोंगर आपला आपण उठतो," हे वाक्य ते दिवसातून तीनदा तरी म्हणत, त्यामुळे नात्यातल्या पोरांनी त्यांचं नाव खड्डेअण्णा ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. फोनवरही कधी कधी "हां, खड्डेअण्णाच बोलतोय" असं म्हणायचे.

मी त्या घरात शिरले ती भाजीवाल्यामुळे. चौऱ्याण्णव साल होतं. मी सव्वीस वर्षांची, पुण्याहून येऊन एका कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम करत होते. त्या वर्षी आमचे ड्रॉइंगबोर्ड उचलून कोपऱ्यात ठेवले गेले आणि टेबलांवर कॉम्प्युटर आले. मी ते शिकले, पण हाताला काही लागेना. संध्याकाळी खोलीवर बसवत नसे. उगाच रस्ते तुडवायचे, कुठल्याही बसमध्ये चढायचं, शेवटच्या थांब्यावरून परत यायचं. अशाच एका संध्याकाळी मोडक्या कानडीत भेंडीचा भाव विचारताना तोंडून "अहो, जून आहे हो ही" असं गेलं, आणि मागून आवाज आला, "आमच्यातली की काय गं तू?" त्या अक्का होत्या. त्यांच्या घराण्याला बेंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली होती. मराठी माझ्याहून जुनं, आणि बोलता बोलता मध्येच कानडी होऊन जाणारं. त्यांनी मला कॉफीला घरी नेलं. व्हरांड्यात अण्णांनी मेणावर एक खडा दाबून उचलला आणि त्या बोटभर मेणावर पंख पसरलेला गरुड उभा राहिला. मी तीन वेळा परत दाबायला लावलं. चौथ्या वेळी अण्णा म्हणाले, "पुट्टी, बघून झालं असेल तर शिकायला ये." कानडीत लहान मुलीला पुट्टी म्हणतात. त्यांनी मला दुसऱ्या नावानं कधी हाकच मारली नाही.

पहिले सहा महिने मी बाटलीच्या काचांवर सरळ रेघा कोरल्या. काचेचा तुकडा लाखेनं काडीला चिकटवायचा, चकतीला तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावायची आणि काडी हातात धरून काच चकतीखाली सरकवायची. एवढंच. पण तेल आणि भुकटीचा काळा चिखल लगेच सगळं झाकून टाकतो, खाली काय चाललंय ते दिसत नाही. मी दर अर्ध्या मिनिटाला पुसून बघायची. अण्णा फडकं काढून घ्यायचे. "डोळ्यांना स्वल्प सुट्टी दे. कानानं बघ." आणि खरंच, चकती नीट बसली की बारीक सुर्र आवाज येतो, जास्त दाबली की ती किरकिरते. हे कळायला मला पावसाळा आणि हिवाळा लागला. तोवर अण्णा तासाभरानं उठायचे, चपला अडकवायचे आणि पंधराव्या क्रॉसच्या गल्लीपर्यंत फेरी मारून यायचे. परत आल्यावर दारातूनच आवाज ऐकून सांगायचे, "डावीकडं जास्त गेलीस."

त्यांनी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तर ते फोरमन व्हायच्या बेतात होते. मी एकदा विचारलं, का सोडली? म्हणाले, "तिथं माप चुकलं तर दुसरा तुकडा घ्यायचा. रात्री झोप छान लागायची. मला ते बरं वाटेना." मला तेव्हा हसू आलं होतं.

मी शिकत होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरून लग्नाची पत्रं येत होती, ऑफिसात मन नव्हतं, आणि इथं दीड वर्ष झालं तरी अण्णा मला गिऱ्हाइकाच्या खड्याला हात लावू देत नव्हते. काहीतरी माझं, पुरं झालेलं, लवकर हवं होतं.

अशात आनेकलहून रेशमाचे एक व्यापारी आले. त्यांच्या वडिलांची अंगठी होती. तिच्यातल्या अकीकावरची अक्षरं झिजून सपाट झाली होती. त्यांना वडिलांच्या नावाची ती दोन कानडी अक्षरं परत कोरून हवी होती, खाली एक छोटा हत्ती. अण्णांनी जुना पृष्ठभाग घासून काढला. "आता हा पातळ झालाय. एकदाच कोरता येईल," ते म्हणाले. त्यांनी स्वतः हत्ती कोरला, ट्रेसिंग पेपरवर अक्षरं काढून ठेवली, आणि एका लग्नासाठी ते आणि अक्का दोन दिवस कोलारला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, "तू फक्त कडेची रेघ घाल. अक्षरं मी आल्यावर."

कडेची रेघ सकाळीच झाली. इतकी छान झाली की मला थांबवेना. मी ट्रेसिंग पेपर खड्यावर चिकटवला आणि अक्षरं कोरायला घेतली. पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आवाज एकदाही किरकिरला नाही. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम आजवर झालं नव्हतं.

अण्णा आले, चपला न काढताच यंत्रापाशी गेले. खडा बघितला, मेणावर दाबला, उचलला. हत्ती उजवीकडे बघत होता, जसा हवा तसा. अक्षरांकडे बघून त्यांनी मेण माझ्यापुढे सरकवलं. मला कानडी धड वाचता येत नव्हतं, म्हणून मी मेण आणि कागद शेजारी धरले. तेव्हा चूक दिसली. कागद पारदर्शक, मी तो पालथा करून लावायचा विसरले होते. अंगठीत अक्षरं सुलटी होती आणि मेणावर उलटी.

"परत घासता येईल?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग आनेकलला जायचं." ते उठून चालू लागले, दारापाशी थांबले. "सांगायचं तू. शेजारी उभा मी राहीन. तू घाई केलीस, मी किल्ली दिली."

बसमध्ये मी वाक्यं पाठ करत होते. व्यापाऱ्यांच्या ओसरीवर पोहोचल्यावर ती सगळी विसरले आणि हिंदी-कानडी मिसळून जे आलं ते बोलले: चूक माझी, मुद्रा उलटी उमटते, दगड आता दुरुस्त होणार नाही. त्यांनी अंगठी बोटात घातली, हात लांब धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, उलट किती छान झालं! वडिलांची असताना मला कधी वाचता यायची नाही. आता कुणालाही वाचता येते."

मी हसत अण्णांकडे वळले तर ते पांढरे पडले होते.

"पण ही मुद्रा आहे," ते म्हणाले. "ही उमटली पाहिजे."

"आता कोण उमटवतंय, अण्णा? बोटात शोभली की झालं."

अण्णांनी आपल्याकडचा नवा खडा देऊ केला. व्यापारी हात जोडून नको म्हणाले. आम्हाला जेवू घालून त्यांनी स्टँडवर सोडलं. परतीची बस निम्मी रिकामी होती, तरी अण्णा मल्लेश्वरमपर्यंत दांडा धरून उभे राहिले. मी म्हटलं, "ते रागावले नाहीत ना, अण्णा." तर म्हणाले, "रागावले असते तर मी बसलो असतो."

त्यानंतर तीन आठवडे यंत्र बंद होतं. अण्णा सकाळी बाहेर पडत ते उन्हं चढल्यावर येत. अक्का मला म्हणाल्या, "तू येत राहा गं. तू आलीस की निदान घराकडं वळतात." मी जायची, काचेवर रेघा मारायची. मला वाटायचं, ते मला हाकलून देतील तर बरं. चौथ्या आठवड्यात ते शेजारी येऊन बसले, आपल्या वडिलांच्या डबीतला एक अकीक काढला आणि तेच काम पहिल्यापासून केलं. हत्ती, अक्षरं, कडेची रेघ. नऊ दिवस. मेणावर उमटलेलं पाहून "सरी," म्हणजे ठीक, एवढंच कानडीत म्हणाले, आणि एकटेच आनेकलला जाऊन देऊन आले.

"घेतला त्यांनी?"

"घेतला. देवघरात ठेवला. बोटात ती तुझीच आहे." आणि ते अचानक मोठ्यानं हसले. "तुला पहिलं गिऱ्हाईक मिळालं, पुट्टी."

मग त्यांनीच मला जायला सांगितलं. सत्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी माझा मोर मेणावर दाबून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आता गुजरातेत खंबायतला जा. तिथं अकीकाचे कारागीर गल्लोगल्ली आहेत. इथं बसलीस तर माझ्यासारखी गल्लीत चकरा मारत राहशील." मी म्हटलं, मला अजून येत नाही. "मला तरी कुठं येतं? जा." निरोपाला ते घरात नव्हते, फेरीला गेले होते. अक्कांनी डबा दिला. रिक्षात बसल्यावर मी कोपऱ्याकोपऱ्यावर पाहत होते, पण ते दिसले नाहीत.

दोन वर्षांनी अक्कांचा फोन आला. अण्णा सकाळी चालताना रस्त्यातच कोसळले, फारसा त्रास झाला नाही म्हणाल्या. मी पोहोचले तोवर तेरावं होऊन गेलं होतं. आम्ही दोघी दुपारभर व्हरांड्यात बसलो.

आज माझं स्वतःचं यंत्र आहे, विजेवर चालणारं. गिऱ्हाइकं येतात, अंगठी बोटात घालतात, हात लांब धरतात आणि खूश होतात. बहुतेकांनी ती मेणावर कधी दाबलेली नसते, दाबणारही नसतात. ती खूश झाली की मला धास्ती वाटायला लागते. त्यांना बसवून ठेवते, अंगठी परत मागते, मेण मऊ करते. "मॅडम, छान आहे की," ती म्हणतात. मी म्हणते, "जरा थांबा, मला अजून बघायचंय."